जखम पायाला, मग फुफ्फुसं पांढरी का पडली?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टरांचा प्रश्न आहे. रोवणीच्या दिवसांत बांधीत (भाताच्या शेतात) पायाला काटा रुतलेला ४५ वर्षांचा शेतकरी. पाय गुडघ्यापर्यंत लाल आणि टणक, थंडी वाजून ताप, बीपी ८६/५०. भरती केलं तेव्हा छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९७. अँटिबायोटिक आणि सलाईन लगेच सुरू झालं. दुसऱ्या रात्री धाप लागली, तिसऱ्या दिवशी एक्स-रे दोन्ही बाजूंनी पांढरा. मग नागपूरला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, हलवलं, तिथे व्हेंटिलेटर लागला. नातेवाईक म्हणतात सलाईननं छातीत पाणी भरलं. न्यूमोनिया तर नव्हता, मग फुफ्फुसं कशी गेली?

सिस्टर, न्यूमोनिया नव्हता हे तुमचं निरीक्षण बहुधा बरोबरच आहे. अशा रुग्णाच्या फुफ्फुसात जंतू पोचावेच लागत नाहीत. पायातल्या जंतूंचे तुकडे आणि त्यांच्यामुळे रक्तात सुटलेली रसायनं पोचली की पुरे. त्यानंतरचं बरंचसं नुकसान आपल्याच पांढऱ्या पेशी करतात. फुफ्फुसात अचानक पाणी झिरपून श्वास अपुरा पडण्याच्या या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. तिचं पहिलं वर्णन १९६७ साली झालं. न्यूमोनिया हे तिचं सगळ्यात मोठं कारण, आणि त्याखालोखाल छातीबाहेरच्या इन्फेक्शनचा (पाय, लघवी, पोट, बाळंतपणानंतर गर्भाशय) सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनला शरीरानं दिलेला, अवयव बिघडवणारा बेफाम प्रतिसाद.

आत काय घडतं ते थोडं खोलात जाऊन सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर बसतो.

पायाच्या अशा इन्फेक्शनमध्ये बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस असतो. या जंतूंच्या भिंतीचे तुकडे जंतू गिळणाऱ्या आपल्या मॅक्रोफेज पेशींवरच्या टीएलआर-२ या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतात. लघवी किंवा आतड्यातून आलेला ई. कोलाय, क्लेब्सिएला असेल तर त्याच्या बाहेरच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे एलपीएस, टीएलआर-४ ला चिकटतं. टीएलआर-४ हाच एलपीएसचा ग्राहक आहे हे १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांच्या गटानं दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ग्राहक कोणताही असो, आतली वाट एकाच ठिकाणी जाते. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ या जळजळ पेटवणाऱ्या निरोप्या रसायनांचं उत्पादन सुरू होतं. टीएनएफची लाट एंडोटॉक्सिन रक्तात आल्यापासून साधारण दीड तासात शिगेला पोचते आणि ओसरतेसुद्धा. रुग्ण आपल्या दारात येतो तेव्हा ती लाट बहुधा येऊन गेलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फुफ्फुसच का? हृदयातून निघणारं सगळं रक्त, मिनिटाला सुमारे ५ लिटर, फुफ्फुसातून जातं. बाकी कुठल्याही अवयवाच्या वाट्याला त्याचा एक हिस्सा येतो, फुफ्फुसाच्या वाट्याला सगळंच. शिवाय फुफ्फुसातल्या केशवाहिन्या अनेक जागी ५ मायक्रोमीटरपेक्षाही अरुंद असतात आणि न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी असते ६ ते ८ मायक्रोमीटरची. एरवी ती लवचीक असते, लांबट होऊन पलीकडे निघून जाते. टीएनएफ आणि एंडोटॉक्सिननं चेतवली की तिच्या आतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा ताठ होतो, पेशी कडक बनते आणि तिथेच अडकते. इंटरल्यूकिन-८ आणखी पेशींना बोलावतं, वाहिनीच्या अस्तरावर आयसीएएम-१ हा चिकटवणारा रेणू वाढतो. अशा अडकलेल्या पेशी लाखोंनी जमतात. म्हणूनच गंभीर सेप्सिसच्या सुरुवातीला सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी २,५०० किंवा ३,००० अशा कमी दिसू शकतात. तो आकडा पाहून ‘इन्फेक्शन फार नाही’ असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. ताप, कमी बीपी आणि उतरलेल्या पांढऱ्या पेशी हे एकत्र आलं की माणूस जास्त धोक्यात आहे असं धरा.

अडकलेली न्यूट्रोफिल जंतू मारण्याचंच सामान बाहेर टाकते: इलास्टेज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम, मायलोपरॉक्सिडेजनं तयार होणारे ऑक्सिडंट, आणि स्वतःच्याच डीएनएचं विणलेलं जाळं. २००४ साली वर्णन झालेली ही जाळी जंतूंना पकडतात खरी, पण त्यांच्यावरची हिस्टोन प्रथिनं अस्तराच्या पेशींना विषारी असतात. जंतू तिथे नसताना हा सगळा मारा फुफ्फुसाच्या पातळ भिंतीवर होतो.

केशवाहिनीच्या आतल्या अंगावर साखर आणि प्रथिनांचा एक मऊ थर असतो, ग्लायकोकॅलिक्स. शेणानं सारवलेल्या अंगणावरचा थर निघाला की पाणी जसं खाली मुरू लागतं, तसं हा थर सोलला की होतं. हेपॅरनेज एन्झाइम तो काही तासांत सोलून काढतं. त्याखालच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं व्हीई-कॅडहेरिन पेशीच्या आत ओढलं जातं आणि फटी पडतात. याच सुमारास अस्तरातून अँजिओपॉएटिन-२ सुटतं. शांत अवस्थेत अँजिओपॉएटिन-१ ह्या फटी मिटवून ठेवतं, दुसरं ते काम उलटवतं. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत पातळ बाजूला अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी जाडीची असते. तिथून नुसतं पाणी नाही, अल्ब्युमिनसकट प्लाझ्मा झिरपतो.

सुरुवातीचे काही तास हे पाणी वायुकोशात शिरत नाही. भिंतीच्या आत साचतं आणि लसीकावाहिन्या ते ओढून नेतात. या काळात ऑक्सिजन ९६-९७ राहतो, छाती स्वच्छ ऐकू येते, एक्स-रे साफ असतो. पण भिंत जड झालेली असते, तिच्यातल्या मज्जातंतूंना ते कळतं आणि श्वास २० वरून २६, २८ वर जातो. तुमच्या रुग्णाची पहिली रात्र बहुधा अशीच गेली असेल. ऑक्सिमीटरचा आकडा उतरण्याच्या कितीतरी आधी श्वासाची गती बोलते. ती पूर्ण ६० सेकंद, पोटाकडे पाहून मोजा. केसपेपरवर सवयीनं लिहिलेला ‘आरआर १८’ या आजारात माणसाचा जीव घेतो.

पुढे वायुकोशाचं अस्तरही फाटतं. तिथल्या टाइप-२ पेशी दोन कामं करतात: सोडियम ओढून वायुकोश कोरडा ठेवणं आणि सर्फॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारा साबणासारखा पदार्थ, बनवणं. या पेशी जखमी झाल्या की पाणी उपसणं थांबतं. शिवाय आत आलेली प्लाझ्मातली प्रथिनं उरलेल्या सर्फॅक्टंटला निकामी करतात आणि वायुकोश मिटतात. फायब्रिन आणि मेलेल्या पेशींचा काचेसारखा थर भिंतीला बसतो. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, कारण टिश्यू फॅक्टर वाढलेला असतो आणि गुठळी विरघळवणारी यंत्रणा पीएआय-१ नं दाबलेली असते. निरोगी फुफ्फुसात हवा न पोचणाऱ्या भागाची रक्तवाहिनी आकसते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. सेप्सिसमध्ये ही सोयही मोडते. पाण्यानं भरलेल्या वायुकोशावरून रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे निघून जातं. म्हणून ५ लिटरचा ऑक्सिजन १० लिटर केला तरी आकडा फारसा हलत नाही. सिलिंडर खराब आहे असं वाटून तो बदलण्यात वेळ जातो. आकडा हलत नाही, हेच निदान आहे.

आता नातेवाईकांच्या बोलण्याकडे येतो, कारण त्यात अर्ध तथ्य आहे. गळती सलाईननं सुरू होत नाही. पण गळती सुरू झाल्यावर ओतलेलं प्रत्येक जादा लिटर तिथूनच बाहेर येतं. निरोगी माणसातही नॉर्मल सलाईनचा साधारण चौथा हिस्साच तासाभरानंतर रक्तवाहिनीत उरतो, सेप्सिसमध्ये त्याहून कमी. दुसरीकडे, बीपी ८६ असताना काहीच न देणं म्हणजे किडनी घालवणं. त्यामुळे प्रश्न ‘द्यायचं की नाही’ असा नाही, ‘किती आणि कुठे थांबायचं’ असा आहे.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पहिल्या ३ तासांत किलोमागे ३० मिली सुचवतात, तीही कमकुवत शिफारस म्हणून. ५० किलोच्या माणसाला हे १,५०० मिली, म्हणजे ५०० च्या ३ बाटल्या. पण जिथे व्हेंटिलेटर हाताशी नाही तिथला अनुभव सावध करणारा आहे. २०११ साली आफ्रिकेतल्या मुलांवरच्या फीस्ट अभ्यासात बोलस, म्हणजे थोड्या वेळात भराभर सलाईन, दिलेल्या गटात मृत्यू वाढले. २०१७ साली झांबियातल्या मोठ्या माणसांच्या अभ्यासात ठरलेल्या पद्धतीनं भरपूर सलाईन दिलेल्या गटात ४८ टक्के दगावले, नेहमीच्या उपचारात ३३ टक्के. त्या रुग्णांत एचआयव्ही आणि अ‍ॅनिमिया खूप होता, हे खरं. पण अशक्त, रक्त कमी असलेले, व्हेंटिलेटरपासून दूर, हे वर्णन आपल्या वॉर्डलाही लागू पडतं.

माझा सल्ला असा. एका वेळी २५० ते ५०० मिली, शक्यतो रिंगर लॅक्टेट, १५ ते ३० मिनिटांत. प्रत्येक बाटलीनंतर थांबून चार गोष्टी पाहायच्या: श्वास मोजायचा, ऑक्सिजन पाहायचा, पाठीमागून फुफ्फुसाच्या तळाला स्टेथोस्कोप लावायचा, आणि बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परत येतो ते बघायचं. ३ सेकंदांत आला तर रक्तपुरवठा सुधारतोय. श्वास ४-५ नं वाढला, तळाला बारीक चरचर नव्यानं आली किंवा ऑक्सिजन उतरला तर पुढची बाटली लावू नका, भले बीपी अजून ९० च्या खाली असेल. तिथून पुढचं काम रक्तवाहिन्या आकसवून बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचं.

सेंट्रल लाइन (मान किंवा छातीतल्या मोठ्या शिरेतली नळी) नाही म्हणून नॉरअ‍ॅड अडवून ठेवू नका. कोपराच्या वळणातल्या किंवा त्यावरच्या मोठ्या शिरेत १८ नंबरची सुई घालून काही तास ते सुरक्षितपणे चालतं, जागेवर नजर मात्र हवी. ४ मिग्रॅ बेस २५० मिली ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर एका मिलीत १६ मायक्रोग्रॅम येतं. ५० किलोच्या रुग्णाला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमनं सुरुवात करायची तर तासाला सुमारे १९ मिली, म्हणजे मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला १९ थेंब. इथे एक चूक नेहमी होते. अँप्यूलवर बायटार्ट्रेटचा आकडा आहे की बेसचा, ते वाचत नाहीत. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे १ मिग्रॅ बेस. दोघांत दुपटीचा फरक आहे. मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, ६५ धरून चाला.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. शॉक असेल तर तासाच्या आत, ब्लड कल्चर घेता आलं तर आधी, पण कल्चरच्या बाटलीसाठी डोस थांबवायचा नाही. डोस दिल्यानंतरचे २४ ते ३६ तास धाप वाढत गेली तर त्याचा अर्थ औषध चुकलं असाच होत नाही. जंतू मेले तरी सुरू झालेली जळजळ आपल्या वेळानंच उतरते. मात्र पायात पू असेल, त्वचेखाली चरचरत असेल, वेदना दिसणाऱ्या सुजेपेक्षा फार जास्त असतील, तर चिरा देऊन मृत भाग काढल्याशिवाय कुठलंही औषध पुरणार नाही. जंतूंचे तुकडे तिथून रक्तात येतच राहतात.

विदर्भात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये आणखी एक गोष्ट विसरता कामा नये: स्क्रब टायफस, बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा ताप. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत २०१८ च्या पावसाळ्यात त्याची मोठी साथ होऊन गेली. हा जंतू थेट वाहिन्यांच्या अस्तरातच राहतो, म्हणजे आपण वर पाहिलेली गळती तो आतूनच घडवतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा त्याच्यावर काडीचा परिणाम नाही. निंदणाला जाणारी बाई, पाच-सात दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले आणि धाप, असं असेल तर कपडे सैल करून काख, जांघ, स्तनाखाली आणि नाडीच्या गाठीखाली बघा. सिगरेटनं भाजल्यासारखा काळा, न दुखणारा डाग सापडला तर निदान झालं. नाही सापडला तरी डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोन वेळा सुरू करायला हरकत नाही. गंभीर रुग्णांत डॉक्सिसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही शिरेतून एकत्र देणं एकट्या औषधापेक्षा सरस ठरतं, हे २०२३ साली भारतातल्याच अभ्यासात दिसलं. सिकलसेलचा रुग्ण असेल तर वेगळाच विचार करावा लागतो. त्याची प्लीहा काम करत नसते, न्यूमोकॉकसचा सेप्सिस तासांत वाढतो, आणि छातीतल्या सिकल क्रायसिसचा एक्स-रे एआरडीएससारखाच दिसू शकतो.

एक कळकळीची विनंती. तापासाठी डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देऊन घरी पाठवणं गावोगावी चालतं. ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं, तो परत शेतावर जातो आणि दीड दिवसानं किडनी बंद, श्वास ४०, अशा अवस्थेत येतो. स्टेरॉइडला या आजारात जागा आहे, पण ती मुख्यतः नॉरअ‍ॅड सुरू असूनही न सावरणाऱ्या शॉकमध्ये: हायड्रोकॉर्टिसोन ५० मिग्रॅ दर ६ तासांनी.

पुढे पाठवायचं केव्हा? २०२३ च्या नव्या जागतिक व्याख्येनुसार एआरडीएस ठरवायला एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) लागतंच असं नाही. ऑक्सिमीटरचा आकडा भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण ३१५ किंवा कमी आलं, आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफीत दोन्ही फुफ्फुसं धरलेली असली, तर पुरे. साधनं कमी असलेल्या ठिकाणी व्हेंटिलेटरची अटही नाही. नाकातल्या नळीनं ५ लिटर म्हणजे ढोबळमानानं ४० टक्के. आकडा ९२ असेल तर ९२ भागिले ०.४ म्हणजे २३०. हा हिशेब आकडा ९७ किंवा त्याखाली असतानाच करायचा. बोटं थंड असतील किंवा नखांवर मेंदी असेल तर कानाच्या पाळीवर प्रोब लावा.

गाडीत बसवण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा. बी टाइप सिलिंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर. रिझर्व्हायर मास्क (पिशवी जोडलेला) १५ लिटरवर चालवला तर १०० मिनिटं. गडचिरोलीहून नागपूर ४ तास धरले तर ३,६०० लिटर, म्हणजे ३ सिलिंडर जेमतेम आणि चौथं राखीव. वाटेत ब्रह्मपुरी-उमरेडच्या रस्त्यावर गाडी थांबली तर तेच चौथं कामी येतं. ५ लिटरच्या कॉन्सन्ट्रेटरला रिझर्व्हायर मास्क जोडू नका, पिशवी भरतच नाही आणि रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड ओढतो. रुग्ण शुद्धीत असेल आणि बीपी टिकून असेल तर पालथं किंवा कुशीवर झोपवून पाहा. पाठीकडचे मिटलेले भाग उघडतात आणि आकडा बऱ्याचदा चढतो.

व्हेंटिलेटरवर सगळ्यात मोठा फायदा आकड्यानं होतो, महागड्या मशीननं नाही. २००० सालच्या एआरडीएस नेटवर्कच्या अभ्यासात किलोमागे १२ मिलीऐवजी ६ मिली श्वास दिल्यावर मृत्यू ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आले. कारण पाण्यानं भरलेल्या फुफ्फुसात हवा घेणारा भाग थोडाच उरतो. मोठा श्वास त्या उरलेल्या भागाला ताणून फाडतो, आणि ताणलेली पेशी पुन्हा तेच इंटरल्यूकिन सोडते. हे किलो वजनकाट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढलेले आहेत. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंटिमीटरमध्ये वजा १५२.४), बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. १६० सेंटिमीटरचा पुरुष म्हणजे ५७ किलो, श्वास ३४० मिली. १५० सेंटिमीटरची बाई म्हणजे ४३ किलो, श्वास २६० मिली. आपल्याकडच्या ठेंगण्या बायांना सवयीनं ४५० लावलं जातं, ते किलोमागे १० च्या वर जातं. टेप घेऊन टाचेपासून डोक्यापर्यंत मोजा. प्लॅटो प्रेशर, म्हणजे श्वास आत भरून थांबल्यावरचा फुफ्फुसातला दाब, ३० च्या आत ठेवा. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब भागिले दिलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण १५० च्या खाली असेल तर दिवसाला सलग १६ तास पालथं. २०१३ च्या प्रोसेव्हा अभ्यासात त्यानं २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आणले. शॉक सरला की सलाईन आखडतं घ्यायचं आणि लघवी वाढवायची. २००६ च्या अभ्यासात त्यानं मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत, पण व्हेंटिलेटरचे दिवस घटले.

ही जळजळच बंद करणारं औषध का देत नाही, असं नातेवाईक विचारतात. प्रयत्न कमी झालेले नाहीत. टीएनएफविरोधी प्रतिपिंडं, टीएलआर-४ अडवणारं एरिटोरान, सगळं मोठ्या अभ्यासांत अपयशी ठरलं. अ‍ॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे गुठळ्या आणि जळजळ रोखणारं औषध २००१ साली बाजारात आलं आणि २०११ साली मागे घेतलं गेलं. रुग्ण येईपर्यंत टीएनएफची लाट ओसरलेली असते, एक वाट अडवली तर दुसऱ्या दहा उघड्या असतात, आणि ज्या न्यूट्रोफिल फुफ्फुस जाळतात त्याच पायातले जंतूही मारतात. त्यामुळे आपल्या हातात उरतात ते तास: पहिला डोस किती लवकर, पू किती लवकर बाहेर, सलाईन कुठे थांबलं, गाडी केव्हा निघाली.

तुमचा रुग्ण वाचून घरी आला तर फुफ्फुस पुष्कळसं भरून येतं. टाइप-२ पेशीच वाढून नवं अस्तर तयार करतात. सहा महिने ते वर्षभरात फुफ्फुसाचे आकडे बहुतेकांचे सुधारतात. मागे राहते ती स्नायूंची कमजोरी, झोपेची तक्रार आणि भीती. सहा आठवड्यांनी त्यांना बोलवा, व्हरांड्यात ६ मिनिटं चालवा आणि चालण्याआधी व नंतर ऑक्सिजन मोजा. ४ नं किंवा जास्त उतरला, किंवा ९० च्या खाली गेला, तर छातीच्या सीटीसाठी परत मेडिकलला पाठवा. नाही उतरला तर हलकी कामं सुरू करायला सांगा, आणि बांधीत उतरताना गमबूट.